कार्यकर्त्याच्या दिवसाला मोल नाही काय?



सोयाबीन निघू लागले की जिल्ह्यातल्या पाच-सहा पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या हातात पावतीपुस्तके पडतात. पुढे महिना-सव्वा महिना ही मंडळी कुणाला सापडत नाहीत. कुठे आहेत म्हणून विचारावे तर उत्तर ठरलेले, 'निधीला गेलेत.' या पद्धतीला आमचा विरोध आहे. तो बैठकीआधी छापून मांडतो आहोत, म्हणजे विषय भाषणांत वाहून जाणार नाही.

आधी हिशेब. हमीभाव काढताना उत्पादन खर्च कसा धरतात हे आपण प्रत्येक शिबिरात शिकवतो. पदरचा प्रत्यक्ष खर्च तो ए-२. त्यात घरच्या माणसांच्या मजुरीचे मोल मिळवले की ए-२ अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरले की सी-२. २०१८ साली दीडपट हमीभावाचा डांगोरा पिटला गेला तो ए-२ अधिक एफएल धरून. सी-२ ला बगल दिली. म्हणून आपण रस्त्यावर बसतो, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या स्वतःच्या निधीचा हिशेब काय सांगतो? त्यात पेट्रोल आहे, पावत्यांची छपाई आहे, चहापाणी आहे. घरच्या मजुरीचा रकानाच नाही. दिल्लीवाले निदान एफएल तरी धरतात. आपला कारभार निव्वळ ए-२ वर!

समजा, सहा कार्यकर्ते २० दिवस हिंडले. १२० दिवस झाले. शेतातल्या गड्याची रोजची मजुरी ४०० रुपये धरली तरी ४८,००० रुपये. तीन मोटारसायकली रोज साठ-साठ किलोमीटर फिरल्या म्हणजे ३,६०० किलोमीटर; त्याला आठ हजारांचे पेट्रोल. जमा झाले १ लाख. हाती राहिले ४४ हजार. शंभराची वर्गणी आणायला ५६ रुपये गेले. एवढी घट आडत्याच्या काट्यावर निघाली असती तर आपण बाजार बंद पाडला असता.

तरी पैशाचे नुकसान आम्ही किरकोळच समजतो. सरकारी खरेदीला सोयाबीनमध्ये १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल. पण भिजलेला माल अटीत बसत नव्हता, आणि बाजारात तो कितीतरी खाली विकावा लागत होता. १५ टक्क्यांपर्यंतची सूट आली ती नोव्हेंबरात, अनेकांचा माल विकून झाल्यावर. अशा दिवसांत आपला माणूस कुठे हवा? ओलावा मोजणाऱ्या यंत्राशेजारी. काट्याशेजारी. ऑनलाइन नोंदणीत ज्याचा पीकपेरा सातबाऱ्याशी जुळत नाही त्याच्यासोबत तलाठ्याकडे. बारदाना नाही म्हणून केंद्राबाहेर दोन-दोन रात्री उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेत. आणि तो असतो कुठे? पन्नास रुपयांच्या पावतीसाठी कुणाच्या तरी ओसरीवर, मालक शेतातून यायची वाट बघत.

शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो आणि शेतकऱ्याला लुटले जाते, हे दोन्ही वाफसे एकाच आठवड्यात येतात. औत एक आणि राने दोन. कोणत्या रानात जुंपायचे, एवढाच प्रश्न आहे.

जुनी मंडळी म्हणतील, दारोदार गेल्याशिवाय माणूस जोडला जात नाही. खरे आहे. पण हातात पावतीपुस्तक घेऊन गेलेल्याशी माणूस मोकळा बोलत नाही. तो खिसा चाचपतो आणि निरोप देतो. माणसे जोडायला जरूर जा, रिकाम्या हाताने जा, उन्हाळ्यात जा. वर्गणी हे वेगळे काम आहे आणि ते गावाने गावातच करायचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडात आयाबहिणी मूठभर धान्य घरातच बाजूला काढत. देणाऱ्याच्या घरातच निधी साठत होता. प्रत्येक मुठीमागे साताऱ्याहून माणूस धाडावा लागत नव्हता.

म्हणून आमची मागणी अशी. प्रत्येक गावातून एक निधीप्रमुख, शक्यतो बाई. सांगायला वाईट वाटते, पण बायांचे हिशेब चोख असतात आणि पानटपरीवर त्यांचा वेळ जात नाही. मोहीम १२ दिवसांची, तारखा आधी जाहीर, रक्कमही आधी जाहीर. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाला १ कोटींचा आकडा आणि ३० जून ही तारीख दोन्ही ठरवून दिली होती. म्हणून लोक कामाला लागले. 'जमेल तेवढा, जमेल तेव्हा' असा निधी जमत नसतो. सुरुवात गेल्या वर्षीच्या स्थळप्रतींपासून करायची. ज्याने एकदा दिले तो पुन्हा देतो, त्याला एक फोन पुरतो. नवा देणारा शोधायला तीन खेपा लागतात. आपण नेमके उलटे करतो, कारण जुन्या स्थळप्रती कुणाच्या माळ्यावर पडल्या आहेत हेच माहीत नसते.

मोबाइलवरून पैसे घ्यायला आता गावोगाव अडचण नाही, पण बँकेच्या उताऱ्यात नाव दिसते, गाव दिसत नाही, आणि ते जुळवण्यात दोन माणसांचे आठ दिवस जातात. त्याला सोपा उपाय आहे. गावांना क्रमांक द्या. १४ क्रमांकाच्या गावाने २१४ किंवा ५१४ पाठवावेत. शेवटचे दोन आकडे म्हणजे गाव. खाते मात्र संघटनेचे. कार्यकर्त्याच्या नंबरावर एक रुपयाही नको, तो कितीही विश्वासाचा असो.

वेळ वाचवायचे आणखी दोन रस्ते सुचवले जात आहेत. एक, आडत्याने हिशेबपट्टीतून परस्पर कापून घ्यावे. दुसरा, एखाद्या गुत्तेदाराकडून एकरकमी लाख आणावेत. दोन्हीत वेळ वाचेल यात शंका नाही. ज्याचा काटा तपासायचा त्याच्याच गल्ल्यातून निधी घेतल्यावर तपासायला कोणत्या तोंडाने जाणार? आणि गुत्तेदाराचे लाख फिटत नाहीत, निवडणुकीपर्यंत पुरवून वसूल होतात. तेव्हा हे दोन्ही बैठकीत आले तर आम्ही उभे राहून विरोध करू.

देणगीदारांच्या सत्काराचे शाल-नारळ आणि फोटोचे फलक यंदापासून बंद करावेत. एका सत्कारात अख्खी दुपार जाते. त्याऐवजी जमाखर्च चावडीवर वाचून दाखवावा. त्याला अर्धा तास लागतो.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने तीन गोष्टी आणाव्यात: निधीप्रमुखांची गाववार यादी, गेल्या वर्षीच्या स्थळप्रती, आणि खरेदी केंद्रावर रोज कोण उभे राहणार त्याची नावे. तिसरी यादी हाती आल्याशिवाय नवी पावतीपुस्तके वाटू नयेत, असा ठराव आम्ही मांडणार आहोत.