पाठीवर नाव हवेच का?

हाऊसच्या नव्या जर्सीवर प्रत्येक खेळाडूचे नाव छापावे, असा ठराव यंदा आमच्या कॉमन रूममध्ये आला. बहुतेकांनी हात वर केले. मी केला नाही. त्याचे कारण बेसबॉलच्या गणवेशाच्या इतिहासात आहे.

१८४९ मध्ये न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने निळी लोकरी पँट, पांढरा फ्लॅनेलचा शर्ट आणि गवती हॅट असा गणवेश ठरवला. पुढे सिनसिनाटीचा संघ तर लाल मोज्यांवरूनच 'रेड स्टॉकिंग्ज' म्हणून ओळखला जाऊ लागला. मग १८८२ मध्ये नॅशनल लीगने अजब प्रयोग केला. शर्टाचा रंग संघावरून नव्हे, तर खेळाडूच्या मैदानावरील जागेवरून ठरला. दोन्ही संघांचे पिचर एकाच रंगात! संघाची खूण म्हणून उरले फक्त मोजे. आपला कोण, समोरचा कोण, कळेना. त्याच हंगामात प्रयोग गुंडाळावा लागला. गणवेशाने आधी संघ दाखवायचा असतो, हा धडा मिळाला.

१९२९ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने पाठीवर क्रमांक घातले, तेही फलंदाजीच्या क्रमाने. बेब रूथ तिसरा, म्हणून ३. लू गेरिग चौथा, म्हणून ४. क्रमांक म्हणजे वाट्याला आलेले काम. १९६० मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने पाठीवर नावे आणली, ती प्रेक्षकांच्या सोयीसाठी. यांकीजच्या पाठीवर मात्र आजही नाव नसते.

"लांबून आलेल्या आईबाबांना आपला मुलगा ओळखता येत नाही," असे मित्र म्हणतात. मुद्दा खरा आहे. गेल्या वर्षी माझी आई अर्धा सामना दुसऱ्याच मुलासाठी टाळ्या वाजवत होती. पण चूक जर्सीची नव्हती. मीच तिला माझा क्रमांक सांगितला नव्हता.

गेरिग सलग २१३० सामने खेळला. आजारपणामुळे त्याला खेळ सोडावा लागला, त्यानंतर यांकीजने ४ हा क्रमांक पुन्हा कोणालाही दिला नाही. पाठीवर नाव नसूनही तो आकडा त्याचाच झाला.

आपल्या छातीवर हाऊसचे चिन्ह आहे, पाठीवर क्रमांक आहे. मला तेवढे पुरेसे वाटते. ठराव पुन्हा आला, तरी माझा हात खालीच राहील. आईला मात्र या वेळी आधीच कळवले आहे: ११ नंबरकडे बघ.