तळ्याकाठची परवानगी

अमेरिकेतील कॅम्पिंगविषयी मराठीत जे लिहिले जाते, मग ते दिवाळी अंकात असो, एखाद्या मंडळाच्या स्मरणिकेत असो वा प्रवासवर्णनाच्या पुस्तकात, त्याची वाक्ये लेखक घरून निघण्यापूर्वीच तयार असतात. राज्य-उद्यानातले तळे नितळ असते, भोवतालचे रान घनदाट असते, शेकोटीभोवती जुनी गाणी होतात, मुले मोबाइल विसरतात, आणि अखेरच्या परिच्छेदात लेखकाला 'निसर्गाच्या कुशीत' स्वतःची नव्याने ओळख पटते. या साऱ्या वर्णनात एक वस्तू कधीही दिसत नाही: तंबूच्या जागेपुढे रोवलेला, आकडा लिहिलेला खुंट. त्या खुंटावाचून तळे, रान आणि शेकोटी यांपैकी काहीही लेखकाच्या वाट्याला आले नसते. म्हणून या गाळलेल्या वस्तूबद्दलच लिहायला हवे असे मला वाटते.

माझे म्हणणे सरळ आहे. राज्य-उद्यानातील कॅम्पग्राउंड हे अरण्य नाही. ती एक नागरी संस्था आहे, ग्रंथालय किंवा एसटी स्थानक असते तशी. तिला अरण्य म्हणून वाचणे हा निव्वळ भाबडेपणा म्हणून सोडून देता येत नाही. ते चुकीचे वाचन आहे, आणि चुकीच्या वाचनाची किंमत कोणीतरी मोजत असतो.

आधी त्या जागेची संहिता पाहू. तुम्ही काही महिने आधी आरक्षण करता. तुम्हाला क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर सपाट केलेली जमीन, बाकांसह जोडलेले लाकडी मेज, शेकोटीसाठी लोखंडी कडे आणि हाकेच्या अंतरावर नळ असतो. रात्री ठरलेल्या वेळेनंतर आवाज बंद. ठरावीक रात्रींनंतर मुक्काम हलवावा लागतो. बऱ्याच उद्यानांत ही मर्यादा चौदा रात्रींच्या आसपास असते. अनेक ठिकाणी सरपणसुद्धा आपल्या मनाने आणता येत नाही, कारण २००२ साली मिशिगनमध्ये आढळलेला 'एमराल्ड ॲश बोरर' हा भुंगेरा अशा सरपणातूनच राज्याराज्यांत पसरला आणि ॲशची कोट्यवधी झाडे मेली. हे सगळे नियम मला मान्य आहेत. पण नियमांचे इतके दाट विणकाम ज्या जागेत आहे तिला 'मुक्त' आणि 'आदिम' ही विशेषणे लावताना मराठी लेखकाचा हात जराही अडखळू नये, हे नवल आहे.

त्या गोलाकार रस्त्याचेच पाहा, ज्याच्या कडेने या जागा ओवलेल्या असतात. विसाव्या शतकाच्या विशीत मोटारी स्वस्त झाल्या आणि माणसे वाटेल तिथे झाडांखाली गाड्या घालू लागली. चाकांखाली माती दबून घट्ट झाली, मुळांना हवा-पाणी मिळेना, आणि प्रचंड जुने वृक्ष वाळू लागले. ई. पी. मायनेके नावाच्या वनस्पती-रोगतज्ज्ञाने हे ओळखले आणि १९३२ साली कॅम्पग्राउंडची एक आखणी मांडली: एकेरी वळसा घेणारा रस्ता, प्रत्येक मुक्कामासाठी गाडी उभी करण्याचा छोटा फाटा, जागच्या जागी पक्के केलेले मेज आणि चूल, आणि गाडी पुढे जाऊ नये म्हणून 'सहज पडल्यासारखे' ठेवलेले ओंडके व धोंडे. हे अवतरणचिन्हातले शब्द माझे आहेत, पण त्यातच या आखणीचे यश आहे. ती दिसत नाही. पुढल्याच वर्षी, १९३३ मध्ये, रूझवेल्टच्या 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर'ची स्थापना झाली. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख बेकार तरुणांनी देशभर रस्ते, बंधारे, ओसऱ्या, पायवाटा घडवल्या. महिन्याला तीस डॉलर पगार, त्यातले पंचवीस घरी पाठवायचे. आपला लेखक ज्या दगडी कट्ट्यावर बसून 'मानवी हस्तक्षेपापासून दूर' गेल्याचे समाधान मानतो, तो कट्टा मंदीच्या काळात कोणाच्या तरी पोटाने बांधलेला असू शकतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. टेनेसी राज्यात चॅटनूगा शहराजवळ 'हॅरिसन बे' हे राज्य-उद्यान आहे. झाडीतला मुक्काम, समोर विस्तीर्ण पाणी. वर्णनाला काही कमी नाही. पण ते पाणी म्हणजे चिकामॉगा धरणाचा जलाशय. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने धरण १९४० मध्ये पूर्ण केले आणि जुने हॅरिसन गाव पाण्याखाली गेले. हे गाव एकेकाळी हॅमिल्टन काउंटीचे मुख्य ठाणे होते. त्याआधी ही चेरोकींची भूमी होती. १८३८ साली त्यांना पश्चिमेकडे हाकलण्यापूर्वी या परिसरात ज्या कुंपणबंद जागांत डांबून ठेवले होते, त्यांनाही इंग्रजीत 'कॅम्प' असेच म्हणतात. आणि याच जलाशयाच्या काठी कृष्णवर्णीयांसाठी 'बुकर टी. वॉशिंग्टन' या नावाचे वेगळे उद्यान केले गेले, कारण गोऱ्यांच्या उद्यानात त्यांना प्रवेश नव्हता. एकच पाणी आणि दोन काठ. (धरणाखाली गेलेली गावे आणि पाणवठ्यावरून ठरणारी माणसाची जात या दोन्ही गोष्टी मराठी वाचकाला शिकवाव्या लागत नाहीत. तरीही अमेरिकेतल्या तळ्याकाठी पोचताच आपली ही ओळख कुठे जाते, कोण जाणे.)

यावर एक उत्तर ठरलेले आहे: माणूस सुट्टीत चार घटका विसावायला जातो, त्याला इतिहासाचा तास कशाला? उत्तर वाजवी आहे, आणि विसावणाऱ्याशी माझे भांडण नाहीच. भांडण लिहिणाऱ्याशी आहे. विसावा हा अनुभव झाला. त्याचे 'निसर्गाशी तादात्म्य' असे रूपांतर करणे ही वाङ्मयीन कृती आहे, आणि वाङ्मयीन कृतीला प्रश्न विचारता येतात.

इथे थोरोचे नाव पुढे केले जाते. मराठी वाचकाला 'वॉल्डन' भेटले ते दुर्गाबाई भागवतांच्या अनुवादातून, आणि त्यामुळे आपल्याकडे थोरो हा एकांताचा ऋषी होऊन बसला. पण ते पुस्तक उघडून वाचावे. १८४५ च्या उन्हाळ्यात थोरो तळ्याकाठी राहायला गेला, ती जमीन एमर्सनच्या मालकीची होती. म्हणजे तिथेही आधी परवानगीच होती. आगगाडी तळ्याला लगटून जात होती. त्याच्या घराच्या फळ्या कुठून आल्या हे तो स्वतःच सांगतो: जेम्स कॉलिन्स या आयरिश रेल्वे-मजुराची झोपडी त्याने सव्वाचार डॉलरना घेतली. अट अशी की कॉलिन्सने दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ती रिकामी करावी. सहा वाजता थोरो ताबा घ्यायला निघाला तेव्हा ते कुटुंब त्याला रस्त्यातच भेटले, सारा संसार एका गाठोड्यात बांधलेला. मांजर तेवढे मागे राहिले. ते रानात गेले आणि पुढे एका सापळ्यात सापडून मेले. थोरो घराचा हिशेब अर्ध्या सेंटापर्यंत मांडतो, एकूण अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट, आणि त्याच पुस्तकात त्या रानात पूर्वी राहून गेलेल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची नावेही नोंदवतो. अरण्यात जाण्यासाठी कोण बाहेर पडले, हे त्याने लपवले नाही. लपवले ते त्याच्या भक्तांनी. वॉल्डनच्या मुक्कामातच, १८४६ मध्ये, कर नाकारल्याबद्दल तो एक रात्र कैदेत होता. दुर्गाबाईंना हा थोरो पुरेपूर कळला होता. आणीबाणीत त्यांनी जे केले ते तळ्याकाठच्या तंद्रीतून आलेले नव्हते. आज वॉल्डन हे मॅसॅच्युसेट्स राज्याचे संरक्षित उद्यान आहे, आणि तिथे रात्री मुक्काम करायला मनाई आहे.

आता किमतीकडे येतो. ऑरेगन राज्यातल्या ग्रँट्स पास नावाच्या शहराने सार्वजनिक जागेत कॅम्पिंग करण्यास बंदी घातली. तात्पुरते राहण्यासाठी जिथे अंथरूण पसरले जाते ती जागा म्हणजे 'कॅम्पसाइट', अशी तिची व्याख्या होती. म्हणजे बागेत घोंगडी अंथरली तरी कॅम्पिंग. दंड २९५ डॉलर. घर नसलेल्यांनी दाद मागितली. २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती गॉर्सच यांच्या बहुमताच्या निकालपत्राचा एक युक्तिवाद असा की हा नियम माणूस पाहत नाही: बेघर असो, पाठीवर पिशवी टाकून सुट्टीला निघालेला प्रवासी असो वा निषेधासाठी हिरवळीवर झोपणारा विद्यार्थी असो, सर्वांना तो सारखाच लागू. आनातोल फ्रान्सने १८९४ साली पुलाखाली झोपण्याच्या मनाईवर जो उपरोध केला होता, तो इथे गंभीर चेहऱ्याने कायदा होऊन उभा राहिलेला दिसतो. टेनेसीने तर २०२२ मध्येच कॅम्पिंगसाठी न नेमलेल्या सार्वजनिक जागेवर तंबू टाकणे हा सहा वर्षांपर्यंत कैदेचा गंभीर गुन्हा ठरवला. त्याच टेनेसीत हॅरिसन बे आहे. तोच तंबू, तीच झोपण्याची पिशवी, तीच शेकोटी. खुंटावरच्या आकड्याच्या अलीकडे ते मन ताजेतवाने करणे, पलीकडे तो गुन्हा.

निसर्गाची भाषा हा फरक झाकते, हे माझे दुखणे आहे. कॅम्पिंग म्हणजे माणसाची आदिम ओढ, असे एकदा लिहिले की परवानगी कोणाला मिळते हा प्रश्नच उरत नाही. आणि दुसरीकडे, ज्यांनी ही उद्याने लोकांच्या पैशाने, लोकांसाठी उभी केली त्यांचे श्रेयही नाहीसे होते. थोड्या डॉलरांत कोणाही कुटुंबाला तळ्याकाठी रात्र काढता यावी ही माझ्या मते विसाव्या शतकातल्या चांगल्या कल्पनांपैकी एक आहे. पण निधी कापला जातो तेव्हा ती झाडांसारखी आपोआप उगवलेली नाही हे सांगणारे कोणी तरी लागते. 'निसर्गाच्या कुशीत' लिहिणारा ते सांगू शकत नाही. त्याच्या लेखी ती कोणी बांधलेलीच नसते.

मराठीला हे ओळखण्याची सोय तिच्या शब्दांतच आहे. सैन्याची छावणी, सरदाराची राहुटी, विद्यार्थ्यांचे शिबिर, भटक्यांचे पाल. मुक्कामासाठीचा आपला जवळजवळ प्रत्येक शब्द मुक्काम कोणाचा हे आधी सांगतो. पालात राहणाऱ्यांना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले; लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) आपण अभ्यासक्रमात लावतो, त्यांवर प्रबंध लिहितो. गावाबाहेर पाल पडले की गावात काय कुजबुज होते हे आपल्या विद्यार्थ्यांना त्या पुस्तकांतून ठाऊक असते. अमेरिकेतल्या तळ्यावर लिहिणाऱ्या मराठी लेखकाने मात्र यांतला एकही शब्द उचलला नाही. त्याने 'कॅम्पिंग' हा इंग्रजी शब्द जसाच्या तसा ठेवला. निदान पुढच्या दिवाळी अंकात कोणी तरी एकदा 'आम्ही हॅरिसन बेला पाल ठोकले' असे लिहून पाहावे, आणि हे वाक्य वाचून आपल्याला नेमके कुठे खटकते ते वर्गात मोठ्याने विचारावे.