बर्फ नसला म्हणून काय?
डिसेंबर उजाडला की ज्याच्या त्याच्या तोंडी गुलमर्ग, नाहीतर औली. पायाला स्की बांधून बर्फावरून घसरायची हौस असेल तर जरूर जा. पण नामपूरकरांनो, त्याआधी जरा पश्चिमेकडे बघा. तिथे साल्हेर उभा आहे. उंची १,५६७ मीटर, म्हणजे राज्यातला सर्वांत उंच किल्ला आणि कळसूबाईनंतरचं दुसरं उंच शिखर. द्राक्षबागायतदाराला धडकी भरवणारी नाशिकची थंडी गड चढणाऱ्याला मात्र मानवते. ऊन भाजत नाही, हवा स्वच्छ असते आणि माथ्यावरच्या परशुराम मंदिरापाशी उभं राहिलं की सालोटा, मुल्हेर, मांगी-तुंगी अशी रांगच नजरेत येते. १६७२ मध्ये याच गडाच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत साल्हेरही आहे. तेव्हा या रविवारी कानटोपी चढवा, भाकरी-ठेचा बांधून घ्या, मुलांना बरोबर न्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या आठवणीने खाली आणा.