खुषीचा खून !

परवां संध्याकाळीं आमच्या गांवच्या पारावर एका कॉलेजांत जाणाऱ्या मुलानें वाद काढला. त्याचें म्हणणें असें कीं, दोन सज्ञान माणसें राजीखुषीनें हत्यार घेऊन समोरासमोर उभीं राहिलीं आणि दोघांनीं जगण्यामरण्याचा कागद आधीं लिहून दिला, तर त्यांत सरकारनें कां पडावें ? जीव त्यांचा, इज्जत त्यांची. मग द्वंद्वयुद्धाला कायद्यानें मोकळीक कां नसावी? हें ऐकून चारदोन जाणत्या माणसांनींही माना डोलावल्या. त्या माना डोलल्या म्हणून आम्हांस लिहिणें भाग पडलें.

वाचकहो, हें द्वंद्व मुळांत कोणाचें होतें, तें प्रथम पाहूं. आपल्या आयाबायांनाही ठाऊक असलेली गोष्ट घ्या. महाभारतांत कर्ण भर रंगमंडपांत अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हां कृपाचार्य त्याला काय विचारतात ? तुझा नेम कसा, हें नाहीं; तुझें कूळ कोणतें, आईबाप कोण, हें विचारतात ! सूताच्या घरीं वाढलेल्या त्या वीराची मान खालीं जाते. दुर्योधनानें तेथल्या तेथें अंगदेशाचें राज्य दिलें, तरी चाबूक हातीं घेण्याचा भीमाचा टोमणा त्याला चुकला नाहीं.

युरोपांतही तीच तऱ्हा. व्हॉल्टेअर हा फ्रान्सचा नामांकित लेखक, पण बाप दस्तऐवज करणारा नोटरी. १७२६ सालीं रोहां घराण्यांतील एका सरदाराशीं त्याची बोलाचाली झाली. सरदारानें तलवार उपसली नाहीं. नोकरांकडून त्याला काठ्यांनीं बडविलें. व्हॉल्टेअर द्वंद्वाची तयारी करूं लागला, तर त्यालाच बास्तीयच्या तुरुंगांत टाकलें आणि पुढें त्याला इंग्लंडास जावें लागलें. म्हणजे थोराला थोराची तलवार, धाकट्याला थोराची काठी ! इकडे मलबारांत अंकम् नांवाची झुंज असे. तेथल्या जुन्या लोकगीतांत सांगतात कीं, तंटा दोन बड्या घराण्यांचा, आणि रिंगणांत उतरून मरावयाचें चेकवरांनीं. मान मालकाचा, मुडदा चाकराचा !

यावर आमचा कॉलेजवाला म्हणाला, "गुरुजी, तें जुनें झालें. आतां कायदा सर्वांना सारखा, आणि दोघांची खुषी असली म्हणजे झालें."

बरें, ही खुषी तपासूं. अलेक्झांडर हॅमिल्टन हा अमेरिकेचा पहिला खजिनामंत्री. त्याचा थोरला मुलगा १८०१ सालीं द्वंद्वांतच मेला होता. द्वंद्व आपल्या धर्मबुद्धीला पटत नाहीं, असें हॅमिल्टननें स्वतः लिहून ठेविलें. तरी ११ जुलै १८०४ रोजीं तो उपाध्यक्ष ॲरन बर याच्यासमोर पिस्तूल घेऊन उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशीं मेला. मागें बायको, सात मुलें आणि कर्ज. कां गेला ? न जावें तर लोकांत आपली किंमत राहणार नाहीं म्हणून. याला खुषी म्हणावयाचें, तर सावकाराच्या दारांत उभ्या राहिलेल्या कुळालाही खुषीनें आलेला पाहुणा म्हणावें लागेल !

लांब कशाला जावें ? आमच्याच शाळेंत शिकलेल्या दोघांची गोष्ट. वीतभर बांधावरून बोलणें वाढलें. एक म्हणाला, "एका बापाचा असशील तर माळावर ये." दुसरा सुतार, घरीं बायको पोटुशी. जाण्याचें त्याच्या मनांत नव्हतें, हें त्यानेंच आम्हांस पुढें सांगितलें. पण पारावरचे लोक हंसले, आणि तो गेला. दोघांची खुषी, दोघांच्या हातीं कुऱ्हाड. आज त्या सुताराच्या उजव्या हाताला तीन बोटें नाहींत. रंधा धरतां येत नाहीं. दुसऱ्याचें शेत खटल्यांत विकलें गेलें. बांध होता तेथेंच आहे. हंसणाऱ्यांपैकीं एकानेंही त्या घरीं पायलीभर जोंधळे पोहोंचते केले नाहींत.

कोणी म्हणेल, मग जत्रेंतली कुस्तीही बंद करा ! नाहीं. कायद्याला हा भेद चांगला कळतो. १८६० च्या दंडविधानांतील कलम ८७ हें १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत कलम २५ झालें आहे. अठरा वर्षांवरील माणसानें संमति दिली, आणि जीव घेण्याचा किंवा जबर दुखापतीचा हेतु नाहीं, तशी शक्यताही ठाऊक नाहीं, तर खेळांतल्या इजेचा गुन्हा होत नाहीं. म्हणून कुस्ती चालते. पंच जोड पाहून लावतात. पाठ टेकली कीं संपलें. द्वंद्वांत मात्र हत्यार उचललेलेंच असतें तें रक्तासाठीं. तेथें मेलेल्याची संमति सिद्ध झाली, तर कलम १०१ खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर आणूं शकतें. पण मारणाऱ्यास सोडून देत नाहीं. हेंच योग्य आहे.

आणि कायदा करून पाहिलेला देशही आहे. उरुग्वेंत २ एप्रिल १९२० रोजीं माजी अध्यक्ष बाट्ले यांनीं वर्तमानपत्रांतील लिखाणावरून वॉशिंग्टन बेल्त्रान या विरुद्ध पक्षाच्या संपादकास द्वंद्वांत ठार केलें. त्याच सालीं तेथें द्वंद्व कायदेशीर झालें. अट इतकीच कीं, अपमान झाला कीं नाहीं हें प्रतिष्ठित पंचांनीं आधीं ठरवावें. १९९२ सालीं त्या देशानें तो कायदा रद्द केला. त्यांनीं जें ओकून टाकलें, तें आपण कां चाटावें ?

त्या मुलाची एक गोष्ट मात्र खरी. दिवाणी दाव्यांत बापाची हयात जाते आणि निकाल नातवाच्या हातीं पडतो. पण यावर औषध म्हणजे लवकर न्याय, तलवार नव्हे. बांध कोणाचा हें तलवार सांगत नाहीं. मनगट कोणाचें जाड एवढेंच सांगते. ज्याच्या घरीं दूधतूप आणि शिकवायला उस्ताद, तो जिंकणार. उद्यां मुकादमानें ऊसतोड्याला चारचौघांत शिवी हासडावी, त्यानें उलट बोलावें, कीं कागद पुढें: "मर्द आहेस ना ? कर अंगठा !" कागदांवर अंगठे उठवून आपल्या वाडवडिलांच्या जमिनी गेल्या. आतां त्याच अंगठ्यानें जीवही लिहून द्यावयाचा काय ?

म्हणून बांधवांनो, पारावर कोणी कोणाचा बाप काढून झुंजीला बोलावूं लागला, तर हंसूं नका. उठून मध्यें पडा. जो म्हणेल, "मी येत नाहीं, मोजणीचा अर्ज करतों," त्याला भित्रा म्हणूं नका. त्याच्याबरोबर कचेरींत जा. त्या दिवशीं आम्ही पाराजवळूनच शाळेकडे चाललों होतों. पोरांची थट्टा चालली असेल, असें समजून थांबलों नाहीं. थांबलों असतों, तर आज त्या सुताराच्या हातांत रंधा असता.