धर्मपीठ आणि राज्यपीठ

धर्माधिकाऱ्यांनी राज्यकारभारात भाग घ्यावा की नाही, हा वाद केवळ विलायतेचा आहे असे समजण्याचे कारण नाही. ब्रिटिश उमराव सभागृहात इंग्लंडच्या चर्चच्या २६ बिशपांना आजही पदसिद्ध आसन आहे. १६४२ साली पार्लमेंटने त्यांना दूर केले. राजेशाही परतल्यावर १६६१ साली ते पुन्हा आले. त्यांच्या आसनांविषयीचा आक्षेप अद्याप शमलेला नाही.

परभणी जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात सरकारी धर्मखातेच होते व नवे मंदिर बांधण्यास त्याची परवानगी लागे. आर्य समाजाच्या १९३८-३९ च्या सत्याग्रहामागे अशाच निर्बंधांची चीड होती. विसंगती अशी की, स्वतः धर्मखाते चालविणाऱ्या या राजवटीने स्टेट काँग्रेसला मात्र जातीय ठरवून १९३८ साली तिच्यावर बंदी घातली.

त्याच स्टेट काँग्रेसचे नेतृत्व पुढे स्वामी रामानंद तीर्थ या संन्याशाने केले. मग संन्यासी चालतो तर बिशप का नको, असा प्रश्न कोणी विचारील. फरक वस्त्राचा नाही. अधिकार कोठून येतो याचा आहे. स्वामीजींनी कारावास सोसला, आणि १९५२ साली ते लोकसभेत गेले ते मतदारांच्या कौलाने. कोणत्याही मठाने त्यांच्यासाठी आसन राखले नव्हते. मतदारांना त्यांना नाकारता आले असते. बिशपांबाबत तो अधिकार मतदारांना नाही.

तथापि निवडणूक झाली म्हणजे सारे निर्वेध झाले, असे नव्हे. धर्मगुरूच्या आदेशावरून पडलेले मत हे मतदाराचे मत राहत नाही. म्हणूनच धर्माच्या नावे मते मागणे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचार ठरविले आहे. मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी हे बंधन अधिक व्यापक केले: केवळ उमेदवाराच्या नव्हे, तर मतदाराच्या धर्माला केलेले आवाहनही निषिद्ध. निर्णय चार विरुद्ध तीन असा झाला. धर्म वा जातीमुळे अन्याय सोसणाऱ्यांना आपले गाऱ्हाणे निवडणुकीत मांडता आले पाहिजे, ही अल्पमतातील न्यायमूर्तींची चिंताही निराधार नव्हती.

अन्यायाची दाद मागणे वेगळे आणि श्रद्धेच्या बळावर सत्ता मागणे वेगळे. हा विवेक न्यायालय निकालानंतर करते. मतदाराला तो मतदानापूर्वीच करावा लागतो. धर्मखात्याच्या परवानगीचा जाच ज्या जिल्ह्याने अनुभवला, त्याने तरी आपले मत ठरविण्यासाठी कोणत्याही धर्मपीठाच्या परवानगीची वाट पाहू नये.