घराची शोभा कुणासाठी? व्हीलचेअर, बाथरूमचं दार आणि आपण

चार महिन्यांत तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन. पेशंट ७१ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. डायबेटिस जुना, वर्षभरापूर्वी पक्षाघाताचा झटका, उजवी बाजू कमजोर, तेव्हापासून व्हीलचेअर. पहिल्या वेळी मी अँटिबायोटिक दिलं. दुसऱ्या वेळी कल्चर करून वेगळं अँटिबायोटिक दिलं. तिसऱ्या वेळी मुलगाच रिपोर्ट घेऊन आला, तेव्हा मी विरारला त्यांच्या घरी जाऊन पाहायचं ठरवलं.

घर सुंदर होतं. फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेले दिवे, आरशासारख्या चकचकीत टाइल्स, भिंतभर टीव्ही युनिट. आजी खिडकीजवळ बसल्या होत्या. मी विचारलं, "बाई, दिवसभरात पाणी किती पिता?" त्या नुसत्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "दोन भांडी. जास्त प्यायलं की जावं लागतं ना."

मी टेप मागवली. बाथरूमच्या दाराची मोकळी जागा २४ इंच. व्हीलचेअर २६ इंच. वर दोन इंचांचा संगमरवरी उंबरा. मुलगा रात्री नऊला लोकलने घरी येतो. सून एकटी त्यांना उचलू शकत नाही. एकदा प्रयत्न केला आणि तिची कंबर आठवडाभर धरली. म्हणून सकाळी एकदा, रात्री एकदा, मधल्या वेळात डायपर. अंघोळ म्हणजे पलंगावर ओल्या टॉवेलने पुसणं. आठ महिने.

मी जंतूंना औषध देत होतो. आजाराचं मूळ मात्र दाराच्या चौकटीत होतं.

मुलाला म्हटलं, दार मोठं करा, उंबरा काढा, भिंतीला धरायला दांडे लावा. तो प्रेमळ मुलगा आहे, आईसाठी रात्ररात्र जागलेला. तो म्हणाला, "डॉक्टर, नुकतंच इंटिरिअर केलंय. दांडे लावले तर घर हॉस्पिटलसारखं दिसेल."

वाचकहो, हे वाक्य मी वसई, नालासोपारा, विरारमधल्या इतक्या घरांत ऐकलं आहे की आज त्याच्यावरच लिहायला बसलो आहे.

आधी डॉक्टरांची चूक

दुसऱ्यांना बोल लावण्याआधी स्वतःकडे बघतो. पक्षाघात, खुब्याचं फ्रॅक्चर, डायबेटिसमुळे पाय कापावा लागणं, पार्किन्सन, मणक्याची दुखापत अशा पेशंटला घरी सोडताना आम्ही डिस्चार्ज कार्डावर दहा गोळ्या लिहितो, फिजिओथेरपी लिहितो, "फॉलोअप १५ दिवसांनी" लिहितो. "तुमच्या संडासाचं दार किती इंच आहे?" हे विचारत नाही. मीही कित्येक वर्षं विचारत नव्हतो.

त्याची किंमत पेशंट देतो. पाणी कमी प्यायल्याने इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, किडनीवर ताण. एका जागी बसून-झोपून राहिल्याने शय्याव्रण, म्हणजे बेडसोअर. हालचाल नसल्याने स्नायू गळतात, सांधे आखडतात. ज्याला स्वतःच्या घरात संडासला जायला परवानगी मागावी लागते, त्याचं मन खचतं. मग घरचे म्हणतात, "हल्ली बोलतच नाहीत, चिडचिड करतात." कुणी चिडणार नाही?

"हॉस्पिटलसारखं दिसेल"

हॉस्पिटल वाईट दिसतं ते कशामुळे? पांढरी ट्यूबलाइट, फिनाइलचा वास, लोखंडी कॉट यांमुळे. रुंद दारामुळे नव्हे. उलट, घराची दारं रुंद असणं ही आपल्याकडे पूर्वी श्रीमंतीची खूण होती.

अमेरिकेतल्या रॉकफर्ड शहरात फ्रँक लॉइड राइट या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाने केनेथ लॉरेंट या व्हीलचेअर वापरणाऱ्या माजी सैनिकासाठी घर बांधलं. १९५२ साली ते कुटुंब तिथे राहायला गेलं. सगळं घर एका पातळीवर, दारं रुंद, फर्निचर बुटकं, म्हणजे पाहुणे बसले की त्यांची नजर खुर्चीतल्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर येते. ते जोडपं तिथे सुमारे ६० वर्षं राहिलं आणि आज ते घर संग्रहालय म्हणून लोक बघायला जातात. कुणी म्हणत नाही, हॉस्पिटलसारखं आहे. कारण तिथे सोय नंतर चिकटवलेली नाही. ती घराच्या आखणीतच आहे.

इतक्या लांब जायचं नसेल तर कोल्हापूरला बघा. नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षापासून व्हीलचेअरवर. त्यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, वसतिगृह आणि शाळा चालवली. त्यांच्या आत्मकथनाचं नावच 'चाकाची खुर्ची'. पुण्यात खडकीला जखमी सैनिकांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. खुर्चीतला माणूस आपलं काम आपण करू शकतो, हे महाराष्ट्राला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. फक्त आपल्या वन बीएचकेला माहीत नाही.

"उंबरा काढायचा नसतो"

श्रद्धेची चेष्टा मी करणार नाही. उंबऱ्यावर हळदकुंकू वाहणाऱ्या आईच्या हाताखाली मीही वाढलो. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, बाथरूमचा उंबरा लक्ष्मीचा नाही, तो पाणी अडवायला आहे. तो काढून फरशीला आत उतार द्या आणि दाराशी लांब जाळीचा निचरा करा, पाणी बाहेर येत नाही. दोन, मुख्य दाराचा उंबरा काढायचा नसेल तर फरशीच्या पातळीवर बसवा. सागवानी किंवा पितळी पट्टी जमिनीत बसवता येते. तिची पूजा होते, तिच्यापुढे रांगोळी निघते, आणि चाकं तिच्यावरून सरळ जातात. ज्या घरातली म्हातारी आई उंबरा ओलांडू शकत नाही, त्या घरात लक्ष्मी नेमकी कुणाला म्हणायचं?

"तात्पुरतंच आहे, होतील बऱ्या"

होवोत. पण सहा महिने बऱ्या होण्याची वाट बघत पलंगावर ठेवलं तर त्या बऱ्या होणार नाहीत. रुग्ण जितका स्वतः उठतो, सरकतो, धरून उभा राहतो, तितकी शक्ती परत यायला मदत होते. बाथरूमपर्यंतची फेरी हासुद्धा व्यायामच आहे. शिवाय दांडा फक्त आजींसाठी नाही. गुडघे दुखणारी सून, गरोदर मुलगी आणि वीस वर्षांनी तुम्ही स्वतः, सगळे तो धरणार आहात.

"एंट्रन्सची शोभा जाते"

हा युक्तिवाद सोसायट्यांचा. एका पेशंटच्या इमारतीत तीन पायऱ्यांना उतार करायचा होता. सर्वसाधारण सभेत दोन हरकती आल्या: एक दुचाकीचं पार्किंग जाईल, आणि नवीन ग्रॅनाइट खराब दिसेल. विषय "पुढील सभेत" गेला. पेशंट त्यानंतर घराबाहेर पडला तो स्ट्रेचरवर.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट सांगितलं की सुगम्यतेचे किमान निकष नुसते मार्गदर्शक असून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत; तसे नियम करायला केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. पण तुमच्या बाथरूमचं दार मोजायला कोणतंही न्यायालय येणार नाही. ते आपल्यालाच मोजायचं आहे.

आपल्या भागाची अडचण मला मान्य आहे. कितीतरी इमारती तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. तळमजल्यावर यावं तर जुलै २०१८ सारखं पाणी घरात शिरतं. गावातल्या जुन्या घरांची जोती उंच आहेत ती उगाच नाहीत, पावसाच्या पाण्यासाठीच आहेत. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर घरातल्या सुधारणा अर्धंच काम करतात. शक्य असेल त्यांनी खालच्या मजल्यावर भाड्याने किंवा अदलाबदल करून राहण्याचा विचार जरूर करावा. पण ते जमेपर्यंत निदान संडास तरी हातात येऊ द्या.

मग नेमकं काय करायचं?

टेप घ्या आणि या क्रमाने चला.

१. बाथरूमचं दार. अडीच फुटी दार म्हणजे चौकट धरून. प्रत्यक्ष मोकळी जागा २४-२५ इंचच मिळते. किमान ३२ इंच हवी, ३६ मिळाली तर उत्तम. दार आत उघडणारं नको. पेशंट आत पडला तर दार उघडतच नाही. बाहेर उघडणारं किंवा वरच्या रुळावर सरकणारं लावा. भिंत फोडण्याआधी तिथे कॉलम-बीम नाही ना, हे इंजिनिअरला दाखवा. फोडणं शक्यच नसेल तर चाकांची कमोड खुर्ची नेहमीच्या व्हीलचेअरपेक्षा अरुंद मिळते, मोजून घ्या.

२. दांडे. कमोडच्या बाजूला आणि अंघोळीच्या जागी. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत पक्के, माणसाचं पूर्ण वजन पेलणारे. टॉवेलचा रॉड म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. तो धरून पडलेले आणि हात मोडून आलेले पेशंट मी पाहिले आहेत. पितळी, काळ्या, लाकडी रंगाचे दांडे मिळतात, नळांच्या रंगाशी जुळवून घ्या.

३. उंची. कमोडची बैठक, पलंगाची गादी आणि खुर्चीची बैठक साधारण एका पातळीवर, १८ ते १९ इंच. सरकणं सोपं होतं आणि सांभाळणाऱ्याची कंबर वाचते. पलंग बुटका असेल तर पायांखाली पक्के ठोकळे द्या.

४. फरशी. ओल्या जागी खरखरीत, मॅट टाइल. भिंतीपेक्षा फरशीचा रंग वेगळा, म्हणजे मंद नजरेलाही कड कळते. पायपुसणी, गालिचे, सतरंज्या उचला. चाक अडकतं, पाय घसरतो.

५. वळायला जागा. व्हीलचेअर पूर्ण फिरवायला पाच फूट व्यासाचं वर्तुळ लागतं. हॉलच्या मध्यभागी असलेला काचेचा टीपॉय आधी हलवा. मोकळी जागा हीच सर्वांत स्वस्त सजावट आहे.

६. उतार. एक इंच उंचीला एक फूट लांबी. ६ इंची पायरी असेल तर ६ फूट, दीड फुटाचं जोतं असेल तर १८ फूट. त्यापेक्षा खडा केलात तर तो उतार नाही, घसरगुंडी आहे. लांबी फार वाटत असेल तर अंगणात काटकोनात वळवा, वळणावर सपाट जागा ठेवा. दोन्ही कडांना काठ आणि कठडा असू द्या. आपल्याकडे पावसात शेवाळ धरतं, म्हणून गुळगुळीत दगड नको, खरखरीत कोटा किंवा आडव्या रेघा मारलेलं काँक्रीट घाला. कडेला मोगरा लावा, सोनचाफा लावा. पाहुण्यांना तो उतार बागेतली वाटच वाटेल.

७. हाताशी. खुर्चीत बसून पोहोचतील असे दिव्यांचे बटण, आरसा, देवघराचं एखादं फळकूट. ओट्याचा एक भाग खालून मोकळा आणि थोडा बुटका केला तर बसून भाजी चिरता येते. स्वयंपाकघर परत मिळालेल्या बाईचा चेहरा मी पाहिला आहे. तसं औषध माझ्याकडे नाही.

पैसे कमी असतील तर वरून क्रमाने जा. दोन दांडे, काढलेला उंबरा आणि उचललेले गालिचे यांना नव्या सोफ्याइतकाही खर्च येत नाही.

रिडेव्हलपमेंटवाल्यांनो, तुम्हीसुद्धा

आपल्याकडच्या जुन्या इमारती आता पुनर्विकासाला लागल्या आहेत. सभासद जास्तीचा कार्पेट, जिम, लॉबीतला झुंबर यांसाठी भांडतात. बिल्डरला एवढंच लिहून द्या: प्रत्येक घरात किमान एका बाथरूमचं दार तीन फुटी आणि बिनउंबऱ्याचं, रस्त्यापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी नाही. नकाशावर ही रेघ ओढायला जवळपास फुकट आहे. नंतर भिंत फोडायला हजारो रुपये आणि आजींचे आठ महिने लागतात.

आणि त्या आजी?

मुलाने शेवटी ऐकलं. दार सरकतं झालं, वर सागाची पट्टी आली, तीन दांडे लागले, टाइल बदलली. पाच दिवस धूळ होती. आजी चालू लागल्या नाहीत, तसं खोटं सांगणार नाही. पण आता सुनेचा एक हात धरून त्या स्वतः कमोडवर सरकतात आणि स्टुलावर बसून अंघोळ करतात. गेल्या वेळी क्लिनिकमध्ये आल्या तेव्हा मी विचारायच्या आधीच त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. अर्धी संपलेली होती.

आज संध्याकाळी घरी गेलात की एवढं करा. टेप घ्या आणि बाथरूमचं दार मोजा. आकडा ३२ च्या खाली आला, तर तुमच्या घराची शोभा अजून अपुरी आहे.