बंदिवानाच्या घामाचे मोल

न्यायालयाने एखाद्यास सक्तमजुरीची शिक्षा दिली म्हणजे त्याच्या श्रमाचे मोलही काढून घेतले, असा अर्थ आपल्या तुरुंगखात्यांनी आजवर गृहीत धरलेला दिसतो. कायद्यात तसे कोठेही लिहिलेले नाही. इंग्रजांनी 1894 साली केलेला कारागृह कायदा काही दयाबुद्धीतून जन्मलेला नव्हता. तरी सक्तमजुरीच्या कैद्याकडून एरवी दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, एवढी मर्यादा त्यानेही घातली होती. मोबदल्याचा प्रश्न मात्र स्वातंत्र्यानंतर अर्धे शतक लोंबकळत राहिला. अखेर 24 सप्टेंबर 1998 रोजी गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निकालात काढला. सक्तमजुरी कैद्याच्या संमतीवाचूनही घेता येते, हे न्यायालयाने मान्य केले. पण त्या श्रमाचे न्याय्य वेतन दिलेच पाहिजे, ते ठरविण्यासाठी राज्यांनी मंडळ नेमावे आणि त्यातील काही हिस्सा गुन्ह्याने नाडलेल्यांना भरपाई म्हणून मिळेल असा कायदा करावा, असेही त्याच निकालात बजाविले.

यास पंचवीस वर्षे होत आली तेव्हा, 2023 च्या ऑगस्टमध्ये, महाराष्ट्र सरकारने कैद्यांचे दर वाढविले. ती वाढ कोणती? कुशल कामगारास दिवसाला 74 रुपये, अर्धकुशलास 67 आणि अकुशलास 53! वर्षानुवर्षे शिक्षा भोगणारा सुतार वा विणकर घरी काय पाठविणार आणि सुटून आल्यावर कशाच्या बळावर उभा राहणार, याचा हिशेब मंत्रालयात कोणी मांडला होता काय? कर्नाटक सरकारची प्रशंसा करण्याचा प्रसंग या स्तंभावर क्वचितच येतो. पण खरे ते सांगितलेच पाहिजे. त्याच सुमारास त्या सरकारने केलेल्या फेरबदलात नवशिक्या कैद्यास 524 आणि अतिकुशलास 663 रुपये रोज ठरला. म्हणजे बेळगावजवळच्या हिंडलगा तुरुंगातील नवशिका येरवड्याच्या निष्णात कारागिराच्या सातपट मोलाचा झाला. फुले-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्यास ही तुलना बोचली पाहिजे.

यावर आक्षेप ठरलेला आहे. बाहेरच्या प्रामाणिक मजुरास पोटभर मिळत नाही, तेथे चोर-दरोडेखोरांचे लाड कशासाठी? हा आक्षेप तुच्छतेने उडवून लावण्यासारखा नाही. परंतु कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च वेतनातून वळता करून घेण्यास न्यायालयाने मुभा दिलीच आहे. तेव्हा फुकट खाऊ घालण्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही. शिवाय तुरुंगात जवळजवळ फुकट तयार झालेली खुर्ची आणि सतरंजी ज्या बाजारात येते, त्याच बाजारात त्या प्रामाणिक सुतार-विणकरांचाही माल येतो. कैद्याचे श्रम स्वस्त ठेवण्याने नुकसान कोणाचे होते, हे आक्षेप घेणाऱ्यांनीच सांगावे. आणि ज्याच्या घरातील कर्ता माणूस मारला गेला, त्या कुटुंबाला 53 रुपयांतून कोणता हिस्सा काढून देणार?

कैद्यास माणूस मानण्याची वाट महाराष्ट्राला कोणी परक्याने दाखवावयास नको. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंध संस्थानात 1939 साली तटबंदीवाचून कैद्यांची वसाहत उभी राहिली. पंतप्रतिनिधींच्या त्या प्रयोगावरूनच पुढे 1957 साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट निघाला. तो पाहून डोळे पुसणारे पुष्कळ होते; प्रयोगाचा विस्तार करणारे थोडे निघाले.

वेतनाखेरीज कामाच्या वाटणीचाही प्रश्न आहे. तुरुंगात झाडू कोणी मारावा आणि स्वयंपाक कोणी करावा, हे अनेक राज्यांच्या नियमपुस्तिका जातीवरून ठरवीत होत्या. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकानाही काढून टाकण्यास सांगितले. अस्पृश्यता घटनेने 1950 साली नष्ट केली. ती भिंतीआड, सरकारी शिक्क्यानिशी, आणखी चौऱ्याहत्तर वर्षे नांदली. पुस्तकातील ओळ खोडणे सोपे आहे. संडास साफ करण्यास सकाळी कोणास हाक मारली जाते, हे जाऊन पाहणारा कोणी तरी हवा.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. किरकोळ गुन्ह्यांसाठी तिने समाजसेवेची शिक्षा आणली, हे चांगलेच झाले. पण सश्रम कारावास पूर्वीसारखाच राहिला आहे. कारागृहे हा घटनेने राज्यांकडे सोपविलेला विषय असल्याने पुढचे काम मुंबईचेच आहे. सरकारने 1998 च्या आदेशाप्रमाणे कैद्यांचे वेतन किमान वेतनाशी जोडावे, आणि अन्नवस्त्रासाठी किती कापले, पीडितास किती दिले व घरी किती पाठविले, हे प्रत्येक कैद्याच्या पुस्तिकेवर त्याला वाचता येईल अशा भाषेत महिन्याच्या महिन्यास लिहून द्यावे.